स्किड फुकटची नसते: फिक्सीवर वेग आवरायला शिकण्याचा खर्च

फिक्सी घेणाऱ्या बहुतेक तरुणांना आधी एकच जाणून घ्यायचं असतं: स्किड कशी मारायची? त्याला किती खर्च येतो, हा प्रश्न मागच्या टायरची जाळी दिसायला लागल्यावर पडतो. या लेखात सुरुवात खर्चापासून केली आहे. पैशांचा हिशेब नीट मांडला की आधी काय शिकायचं आणि नंतर काय, याचा क्रमही त्यातच सापडतो.

भावांबद्दल आधीच सांगतो. पुढचे आकडे म्हणजे पुण्या-मुंबईच्या दुकानांत आणि ऑनलाइन साधारण जे भाव दिसतात त्यांचे ढोबळ पल्ले आहेत. कंपनी बदलली की दीडपट फरक सहज पडतो, म्हणून दोन दुकानांत विचारूनच घ्या.

साध्या सायकलीच्या मागच्या चाकात फ्रीव्हील असतं. पाय थांबले तरी चाक फिरत राहतं. फिक्सीत ते नसतं. मागचा दातेरी कॉग थेट हबवर आवळलेला असतो. चाक फिरतंय तोवर पेडल फिरणारच, उतारावर पाय सोडून बसण्याची सोय नाही. याचा दुसरा अर्थ असा की पायांनी पेडल अडवलं तर चाक मंदावतं, आणि पुरतं अडवलं तर चाक जाम होऊन रस्त्यावर घसरत जातं. हीच स्किड.

वेलोड्रोमवरच्या ट्रॅक सायकली अशाच असतात आणि त्यांना ब्रेक नसतात. जपानात 1948 पासून चालणारी केइरिन शर्यतही अशाच सायकलींवर होते. तिथे ब्रेक नसण्याला कारण आहे: सगळे एकाच दिशेने पळतात, समोरून कुणी येत नाही, आणि पुढच्याने अचानक ब्रेक दाबला तर मागचे सगळे त्याच्यावर आदळतील. न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्कोच्या कुरिअर पोहोचवणाऱ्या सायकलस्वारांनी ही सायकल शहरातल्या रस्त्यावर रूढ केली, कारण तिच्यात बिघडण्यासारखं फार कमी असतं. आपल्याकडे मात्र समोरून उलट्या दिशेने येणारी दुचाकी आहे, थांबलेल्या गाडीचं अचानक उघडणारं दार आहे, मधूनच रस्ता ओलांडणारा माणूस आहे. ट्रॅकवरचा नियम इथे लागू होत नाही.

पहिले दोन हजार पुढच्या ब्रेकचे

ताशी 25 किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे 7 मीटर. कोरड्या डांबरावर पुढचा ब्रेक नीट वापरला तर या वेगातून साधारण 5 मीटरमध्ये थांबता येतं. फक्त मागच्या चाकाने थांबायचं म्हटलं, मग ते ब्रेकने असो की पायांनी, तर हे अंतर दुप्पट, म्हणजे 10 मीटरच्या आसपास जातं. कारण वेग कमी व्हायला लागला की अंगाचा भार पुढच्या चाकावर झुकतो आणि मागचं चाक हलकं पडतं. जमिनीवर दाबच नसेल तर पकड कुठून येणार? स्किडमध्ये तर आपण स्वतःच अंग पुढे टाकून मागचं चाक आणखी हलकं करतो, शिवाय घसरणाऱ्या रबराची पकड फिरणाऱ्या रबरापेक्षा कमी असते. त्यामुळे स्किडला या 10 मीटरपेक्षाही जास्त जागा लागते. धोका दिसल्यापासून शरीर हलेपर्यंत जो वेळ जातो, तो या सगळ्यात धरलेलाच नाही. एक सेकंद गेला तर आणखी 7 मीटर.

म्हणून माझा सल्ला ठाम आहे: स्किड शिकायची असेल तर आधी पुढचा ब्रेक बसवा. कॅलिपर, लिव्हर आणि केबल मिळून साधारण 1,200 ते 2,500 रुपये, बसवण्याचे 200 ते 300. सायकलीबरोबर ब्रेक आलेला असेल तर हा खर्च नाहीच. फक्त तो ‘दिसायला बरं वाटत नाही’ म्हणून काढून टाकू नका.

घेण्याआधी दोन गोष्टी स्वतः पाहा. एक, फोर्कच्या वरच्या भागात ब्रेकसाठी भोक आहे का. निव्वळ ट्रॅकसाठी बनवलेल्या फोर्कला ते नसतं, आणि नंतर ड्रिलने भोक पाडणं म्हणजे ज्या जागेवर सगळा ताण येतो तीच जागा कमजोर करणं. तसा फोर्क असेल तर सायकल दुसरी बघा किंवा भोक असलेला फोर्क घालून घ्या. दुसरी गोष्ट, रिमची कड. रंगीत खोल रिम दुकानात फार देखणी दिसते, पण ब्रेकचं रबर जिथे टेकतं तिथे धातू उघडा आणि सपाट केलेला हवा. रंगावर रबर किंचाळतं, नीट धरत नाही, आणि पावसात तर अजिबात भरवसा नाही.

हब: जिथे स्वस्त पर्याय घ्यायचाच नाही

पेडल पुढे मारताना कॉग हबवर आणखी घट्ट बसत जातो. उलटा जोर दिला की तोच कॉग सुटायला बघतो. हे होऊ नये म्हणून खऱ्या फिक्स्ड हबवर दोन वेगवेगळ्या व्यासांचे आटे असतात: आतल्या मोठ्या भागावर कॉगसाठी सुलटे आटे, आणि बाहेरच्या लहान भागावर लॉकरिंगसाठी उलटे आटे. कॉग सुटायला लागला की तो लॉकरिंगला ढकलतो, आणि आटे उलटे असल्यामुळे लॉकरिंग सैल होण्याऐवजी आवळते. साधी पण फार विचारपूर्वक केलेली रचना आहे. स्किडचा सगळा भार हिच्यावर असतो.

बाजारात ‘फिक्सी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक सायकली प्रत्यक्षात फ्रीव्हील लावलेल्या सिंगल-स्पीड असतात. काहींच्या मागच्या हबला दोन बाजू असतात, एकीकडे फ्रीव्हील, दुसरीकडे कॉगची जागा. चाक उलटं करून लावलं की फिक्सी तयार. याला फ्लिप-फ्लॉप हब म्हणतात आणि नवशिक्यासाठी ते सर्वांत सोयीचं. पण त्या दुसऱ्या बाजूला पायरीसारखे दोन व्यासांचे आटे आहेत ना, हे डोळ्यांनी पाहूनच पैसे द्या. एकसलग आटे असतील तर ती फ्रीव्हीलचीच दुसरी जागा आहे. तिच्यावर कॉग चढतो खरा, पण त्याला धरून ठेवणारं काही नसतं. पहिल्या जोरदार स्किडला तो सुटला की तुमच्या पायातलं सगळं नियंत्रण एका क्षणात जातं.

त्याहून धोक्याचा प्रकार म्हणजे फ्रीव्हीलला वेल्डिंग करून केलेली फिक्सी. शंभर-दोनशे रुपयांत काम होतं, म्हणून शाळा-कॉलेजातली मुलं त्याकडे वळतात. वेल्डिंगने फ्रीव्हील आतून जाम होतं, पण हबवरून सुटायचं ते सुटतंच. तिथे लॉकरिंग कुठे आहे? आपल्या घरातल्या मुलाने अशी सायकल करून आणली असेल तर त्याला रागवण्यात वेळ न घालवता चाक बदलून द्या. फिक्स्ड हबचं तयार मागचं चाक साधारण 4,000 ते 8,000 रुपयांना येतं. नवा कॉग आणि लॉकरिंग मिळून 1,200 ते 2,500. पोलादी कॉगच घ्या. ॲल्युमिनियमचा हलका असतो, पण त्याचे दात लवकर झिजतात.

कॉग आवळणं हे घरी चालवून घेण्याचं काम नाही. त्याला चेन लावलेला पाना आणि लॉकरिंगचा आकडी पाना लागतो, आणि भरपूर जोर. दुकानात बसवून घ्या, मग थोडी सायकल चालवा, चढावर उभं राहून पेडल मारा म्हणजे कॉग पूर्ण बसेल, आणि परत जाऊन लॉकरिंग पुन्हा आवळून घ्या. या दुसऱ्या फेरीचे पैसे बहुतेक दुकानदार घेत नाहीत. घेतलेच तरी द्यावेत.

स्वतःकडे मात्र 15 मिलिमीटरचा एक चांगला पाना ठेवा, 150 ते 300 रुपये. मागच्या चाकाचे नट त्यानेच सुटतात, आणि चेनचा ताण जुळवायचा तर चाक मागे-पुढे सरकवावंच लागतं. चेन मधोमध बोटाने वर-खाली केली तर एकूण 10-12 मिलिमीटर हलावी. फार ढिली असेल तर स्किडमध्ये उतरते, आणि फिक्सीवर चेन उतरली म्हणजे एक तर चाक जाम होतं किंवा पायांचा ब्रेक नाहीसा होतो. फार ताठ असेल तर बेअरिंग खाते.

याला जोडून एक सूचना, जिला एक पैसाही लागत नाही. मागचं चाक फिरत असताना चेन फडक्याने कधीही पुसू नका. साध्या सायकलीत बोट अडकलं तर चेन थांबते. फिक्सीत चाकाची गती चेनला ओढत राहते आणि बोट कॉगमध्ये जातं. बोटं तुटण्याचे अपघात असेच होतात. बुटाची लेस आत खोचा, पँटचा उजवा पाय वर दुमडा, ओढणी बांधून घ्या.

पाय बांधणारे पट्टे

स्किडमध्ये पुढचा पाय पेडल वर ओढतो. उघड्या पेडलवर ते शक्यच नाही, आणि वेगात पाय सुटला तर फिरणारं पेडल नडगीवर बसतं. म्हणून पाय बांधणं ही गरज आहे. तीन पर्याय आहेत. जुन्या धाटणीची टो-क्लिप आणि पट्टा, साधारण 600 ते 1,200 रुपये. पाऊल तिरपं सरकवून बसवायचे रुंद कापडी पट्टे, 1,500 ते 3,000. आणि बुटाच्या तळव्याला क्लीट लावून पेडलमध्ये अडकवायची पद्धत, जिला पेडल आणि बूट धरून 8,000 च्या पुढे मोजावे लागतात.

शिकणाऱ्याने रुंद पट्टे घ्यावेत असं मला वाटतं. रोजच्या बुटांवर चालतात, पाय पटकन निघतो, आणि वर ओढताना जोर पूर्ण पावलावर पसरतो. पैसे कमी असतील तर टो-क्लिपही चालेल, फक्त चामड्याचा किंवा जाड नायलॉनचा पट्टा बघा. पातळ प्लॅस्टिकची क्लिप पायाखाली येऊन मोडते. काहीही घेतलं तरी पहिलं काम एकच: भिंतीला धरून उभं राहायचं आणि पाय घालायचा-काढायचा सराव करायचा, तो विचार न करता निघेपर्यंत.

दातांचं गणित, जे महिन्याला हजारो रुपये वाचवतं

आता या लेखातला सर्वांत कामाचा भाग. दुकानदार सहसा हे सांगत नाहीत, आणि अनेक जुन्या स्वारांनाही ते टायर फाडूनच कळतं.

स्किड मारताना क्रँक नेहमी आडवे असतात आणि बहुतेक जण ठरावीक पायच पुढे ठेवतात. म्हणजे प्रत्येक स्किडला पेडलची जागा तीच. पेडल एकाच जागी असताना मागच्या टायरच्या किती वेगवेगळ्या जागा रस्त्याला टेकू शकतात, हे पुढच्या चेनरिंगच्या आणि मागच्या कॉगच्या दातांवर ठरतं. हिशेब शाळेतलाच आहे. पुढचे दात वर, मागचे दात खाली असा अपूर्णांक मांडा आणि त्याला अतिसंक्षिप्त रूप द्या. खाली जो आकडा उरेल, तितक्या जागा.

48 आणि 16 दात घ्या. हा जोड तयार फिक्सींवर सर्रास दिसतो. 48 भागिले 16 म्हणजे 3 छेद 1. खाली 1. टायरची एकच जागा प्रत्येक स्किडला घासली जाणार. 48 आणि 18 असेल तर 8 छेद 3, म्हणजे तीन जागा. 46 आणि 16 असेल तर 23 छेद 8, आठ जागा. आणि 17 दातांचा कॉग लावला की खेळच बदलतो. 17 ही मूळ संख्या असल्यामुळे 44, 46, 47, 48 यांपैकी कशालाही तिच्याने भाग जात नाही, आणि जागा थेट 17 होतात.

दोन्ही पाय आलटून पालटून पुढे ठेवता येत असतील तर आणखी फायदा, पण अट आहे: संक्षिप्त अपूर्णांकात वरचा आकडा विषम हवा. 23 छेद 8 मध्ये तो विषम आहे, म्हणून 8 च्या 16 जागा होतात. 47 छेद 17 मध्ये 17 च्या 34. 46 छेद 17 मध्ये वरचा आकडा सम, तिथे पाय बदलून जागा वाढत नाहीत. पण 17 काही कमी नाहीत.

पैशांत काय होतं ते पाहू. समजा एका जागेवर 100 स्किड झाल्या की जाळी दिसते, तुम्ही महिन्याला 500 स्किड मारता, आणि टायर 1,000 रुपयांचा आहे. ही केवळ हिशेबासाठी धरलेली संख्या आहे. रबर, रस्ता, वजन आणि स्किडची लांबी यांनी ती बदलते. 48 आणि 16 वर महिन्याला पाच टायर, 5,000 रुपये. 46 आणि 16 वर एकाच पायाने स्किड मारली तरी महिन्याचा खर्च सुमारे 625. 48 आणि 17 वर सुमारे 300. धरलेली संख्या बदलली तरी या तिन्हींमधलं प्रमाण तेच राहतं. 16 चा कॉग काढून 17 चा बसवायला मजुरी धरून दीड-दोन हजारांच्या आत काम होतं, लॉकरिंग तीच चालते, चेनही बहुधा तीच पुरते. या वरच्या उदाहरणात तो खर्च पहिल्याच महिन्यात निघतो.

कॉग बदलायला आत्ता पैसे नसतील तर एक बिनखर्ची उपाय आहे. अधूनमधून मागचं चाक सैल करून चेन कॉगवरून उचला, चाक दोन-तीन दात फिरवा आणि चेन परत बसवा. पेडल आणि टायर यांची जोडी बदलते, झिजलेली जागा सुटते आणि नवी जागा घासायला लागते.

17 चा आणखी एक फायदा गुडघ्यांना होतो. 48 आणि 16 ही जड जोडी आहे. जड गिअर म्हणजे पेडल अडवायला जास्त ताकद, आणि ती ताकद गुडघ्याच्या वाटीजवळून जाते. पुण्यासारख्या चढ-उताराच्या शहरात नवशिक्याने 44 आणि 17 किंवा 46 आणि 17 याच्या वर जाऊ नये असं माझं मत आहे. फिजिओथेरपिस्टच्या एका फेरीला 500 ते 1,000 रुपये पडतात, आणि गुडघा एका फेरीत बरा होत नाही.

शिकण्याचा क्रम

रिकामी, सपाट, डांबरी जागा शोधा. सुट्टीच्या दिवशी शाळेचं आवार किंवा सोसायटीचं मोकळं पार्किंग चालतं, परवानगी घेऊन. पेव्हर ब्लॉक टाळा, त्यांच्या सांध्यांत चाक उड्या मारतं. हेल्मेट 1,500 ते 3,000, हातमोजे 300 ते 600. पडताना माणूस आधी तळहात टेकवतो, म्हणून मोज्यांना ऐच्छिक समजू नका.

आधी नुसता मागचा दाब. हळू चालवा, ठरवलेल्या खुणेपाशी थांबा, ब्रेकला हात न लावता. प्रत्येक फेऱ्यात मागे येणाऱ्या पायाने पेडलला थोडा विरोध करायचा, बस. अचानक पाय ताठ करायचे नाहीत. तसं केलं की सायकल तुम्हालाच वर उचलते. रोजच्या रहदारीत वेगाचं जवळजवळ सगळं काम या दाबानेच होतं, आणि त्याला टायरची झीज जवळपास नाही. मग त्यात पुढचा ब्रेक मिसळा: पायांनी विरोध, हाताने दाब, दोन्ही एकत्र. अचानक थांबायची वेळ आली तर हीच जोडी कामाला येणार आहे, म्हणून ती अंगात मुरेपर्यंत पुढे जाऊ नका. मला विचाराल तर फिक्सी शिकणं म्हणजे मुख्यतः एवढंच.

स्किड त्यानंतर. धावायच्या वेगापेक्षा थोडा जास्त, ताशी 15 च्या आसपास वेग ठेवा. सीटवरून उठा आणि कंबर पुढे न्या, इतकी की मांड्या हँडलजवळ येतील. मागचं चाक हलकं झालं पाहिजे. नवशिक्यांची स्किड बसत नाही ती ताकद कमी पडते म्हणून नाही, अंग पुरेसं पुढे जात नाही म्हणून. क्रँक आडवे येतील त्या क्षणी पुढचा पाय पट्ट्यात वर ओढा आणि मागचा पाय खाली दाबा, दोन्ही एकदम. चाक अडतं आणि सरकतं. नजर समोर, हँडल सरळ, खांदे सैल. मागचं चाक बाजूला जायला लागलं तर पाय सोडा, अंग मागे आणा, चाक पुन्हा फिरेल आणि सायकल सरळ होईल. स्किड सुरू करण्याइतकंच ती वेळेवर सोडणं महत्त्वाचं आहे. सुरुवातीला हातभर लांबीची स्किड पुरे.

चाक पूर्ण अडत नसेल तर आधी छोटी उडी शिका: अंग पुढे टाकत मागचं चाक क्षणभर उचलायचं, हवेत पाय अडवायचे आणि खाली टेकवायचं. हलक्या ओल्या रस्त्यावर चाक लवकर अडतं आणि टायरही कमी झिजतो, म्हणून बरेच जण पावसाळ्यात शिकतात. ते ठीक आहे, पण पहिल्या पावसाचा दिवस सोडा. उन्हाळाभर साचलेलं ऑइल वर येतं तेव्हा रस्त्यावर उभं राहणंसुद्धा कठीण असतं. रस्त्यावरचे रंगवलेले पट्टे, मॅनहोलची झाकणं आणि जूनमध्ये गुलमोहराखाली पडलेल्या ओल्या पाकळ्या, यांवर स्किड कधीच नको.

आणि घाट. 46 आणि 17 वर ताशी 25 ला पाय मिनिटाला सुमारे 73 फेरे मारतात, 40 ला सुमारे 117, 50 ला 146. कात्रज किंवा सिंहगडाच्या उतारावर 50 यायला काही वेळ लागत नाही, आणि त्या फेऱ्यांना पाय पुरे पडत नाहीत, तिथे स्किड तर दूरच. अशा उतारावर पुढच्या ब्रेकने वेग सुरुवातीपासूनच धरून ठेवायचा, किंवा चाक फिरवून फ्रीव्हीलची बाजू लावायची. फ्रीव्हील लावलं की पायांचा ब्रेक जातो, त्यामुळे त्या दिवशी पुढचा आणि मागचा दोन्ही ब्रेक सायकलवर हवेत. वळणावरही पाय थांबत नसल्यामुळे आतलं पेडल जमिनीला लागू शकतं. 165 मिलिमीटरचे आखूड क्रँक असतील तर हा धोका कमी होतो.

टायरवर किती घालायचे

सरावासाठी नवा टायर घेऊ नका. सायकलच्या दुकानात लोकांनी बदलून टाकलेले 700 आकाराचे टायर पडून असतात. विचारलं तर फुकट किंवा शंभर-दोनशेत मिळतात. कड शाबूत आहे आणि बाजूला चिरा नाहीत एवढं बघा. शिकून झाल्यावर मागे 800 ते 1,500 चा, तारेच्या कडेचा, 28 मिलिमीटर रुंदीचा, जाड रबराचा टायर पुरेसा आहे. महागडा मऊ टायर मागे लावणं म्हणजे पैसे रस्त्यावर घासणं. चांगली पकड पुढच्या चाकाला हवी, म्हणून महाग टायर घ्यायचाच तर तो पुढे. झिजलेला मागचा टायर ‘अजून थोडा चालेल’ म्हणून पुढे लावू नका. ट्यूब 250 ते 400, एक जास्तीची जवळ ठेवा. स्किडने सपाट झालेल्या जागेतून धागे दिसले की टायर त्याच दिवशी काढा. तो फुटतो तो नेमका स्किड चालू असताना, कारण जोर त्याच जागेवर असतो.

सायकल सोडून एकूण किती? ब्रेक बसवून, कॉग-लॉकरिंग, टो-क्लिप, हेल्मेट, हातमोजे, पाना आणि जुना टायर धरला तर सगळं स्वस्तातलं घेऊन साधारण 5,000. सगळं वरच्या भावाचं आणि नवा टायर घेऊन 12,000 पर्यंत. रुंद पट्टे घेतले तर त्यावर हजार-दोन हजार. यात कात्री लावायचीच असेल तर टायरवर लावा, पट्ट्यांवर थोडी लावा. ब्रेक, हब आणि हेल्मेट यांना हात लावू नका.

जुनी घेत असाल तर

शिकायला लंडन किंवा बर्लिनला गेलेली आपली मुलं तिथे जुनी फिक्सी हौसेने घेतात, कारण ती स्वस्त आणि सहज मिळते. तिथे ब्रेकचा प्रश्न कायद्याचाही आहे. ब्रिटनच्या 1983 च्या नियमांनुसार रस्त्यावरच्या फिक्सीला पुढचा ब्रेक हवाच. मागचं काम फिक्स्ड चाकाचं धरलं जातं. जर्मनीत एकमेकांवर अवलंबून नसलेले दोन ब्रेक लागतात. ब्रेक नसलेली सायकल स्वस्तात मिळत असेल तर ब्रेक बसवण्याचा खर्च किमतीत धरूनच सौदा करा.

इथे घ्या की तिथे, जुन्या सायकलीचं मागचं चाक हाताने फिरवून टायर नीट पाहा. एकाच जागी सपाट झालेला असेल तर दात मोजा, बहुधा 48 आणि 16 निघतील, आणि 17 च्या कॉगचे पैसे विक्रेत्याकडून कमी करून घ्या. मग विक्रेत्यासमोर सायकल धरून उभे राहा, पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकला, नंतर ब्रेक सोडून पेडल एका जागी धरा आणि पुन्हा ढकला. दुसऱ्या वेळी मागच्या हबमधून बारीक कट्‌ असा आवाज आला किंवा चाक पाव इंचभरही सरकून मग अडलं, तर चेनचा ताण तपासा. चेन ठीक असूनही चाक सरकत असेल तर कॉग सैल आहे किंवा आटे गेले आहेत. आटे गेलेलं हब दुरुस्त होत नाही. नव्या चाकाचे 4,000 ते 8,000 वजा करून किंमत ठरवा, नाही जमलं तर ती सायकल तिथेच सोडा.